घरच्या पेटीत अंड्यांची उबवणी



घरची कोंबडी खुडूक झाली म्हणजे काय होते, ते आपणांस सांगायला नको. ती अंडी घालायचे थांबवते, पिसे फुलवून कोपऱ्यात बसते, आणि कोणी हात घातला तर टोचते. मग घरातली आजी एका टोपलीत पेंढा पसरते, दहा-बारा अंडी मांडते आणि वर कोंबडी बसवते. एकविसाव्या दिवशी टोपलीतून चिवचिव ऐकू येते. मधल्या दिवसांत आपण काय केलेले असते? कोंबडीला दाणापाणी दिले, मांजर-मुंगूस जवळ येऊ दिले नाही, एवढेच. बाकीचे सारे तिने केले, आणि तेही न बोलता.

आज मला सांगायचे आहे ते कोंबडीवाचून, घरी केलेल्या पेटीत अंडी कशी उबवावीत याविषयी. पेटी तयार करणे फारसे अवघड नाही. खोके, दिवा आणि थोडे सामान हाताशी असले तर एका दिवसात होते. अवघड आहे ते पुढचे. कोंबडी अंड्यांवर बसली की तिचे काम तीच करते. पेटी मांडली की कोंबडीचे काम आपल्या अंगावर येते, आणि ते एकवीस दिवस, रात्र न् दिवस. ही एक गोष्ट मनाशी नीट ठरवून मगच पेटीला हात घालावा.

कोणी म्हणेल, कोंबडी असताना ही उठाठेव कशाला? प्रश्न रास्त आहे. घरात चांगली खुडूक कोंबडी असेल आणि डझनभरच अंडी उबवायची असतील, तर खुशाल तिच्याखाली ठेवा. परंतु व्हाइट लेगहॉर्नसारख्या भरपूर अंडी देणाऱ्या जातींत खुडूक बसण्याची सवय माणसाने निवड करकरून जवळजवळ घालवली आहे. अशा कोंबड्या बसतच नाहीत. आपली गावठी कोंबडी बसते, पण पाहिजे तेव्हा बसत नाही. आणि बसली की उबवणी व पिलांची राखण यांत तिचे अंडी देणे कित्येक आठवडे बंद पडते. शिवाय शाळेत मुलांना अंड्यातला जीव कसा वाढतो ते दाखवायचे, तर त्याला पेटीच बरी.

ही कल्पना आजकालची नाही, बरं का. इजिप्त देशात दोन हजार वर्षांपूर्वीपासून कोंबडीवाचून अंडी उबवीत आले आहेत. तेथे मातीच्या विटांच्या भट्ट्या बांधीत आणि मंद विस्तवाने त्या उबदार ठेवीत. उष्णतामापक नव्हता, म्हणून तिथला कारागीर अंडे उचलून आपल्या पापणीला लावी आणि ऊब ओळखी. पापणीची कातडी फार नाजूक, तिला लगेच कळते. पुढे फ्रान्समध्ये रेओम्यूर नावाच्या शास्त्रज्ञाने या विद्येचा अभ्यास करून 1749 साली त्यावर पुस्तक लिहिले. पापणीच्या जागी उष्णतामापक आला. तुमच्या-आमच्या पापणीला ती तालीम नाही, तेव्हा आपण उष्णतामापकावरच भिस्त ठेवावी.

आता कोंबडी नेमके काय करते ते पाहू. ती ऊब देते. तिच्या पोटाखालची पिसे झडून कातडी उघडी पडते आणि ती अंड्याला थेट भिडते. ती ओल राखते. चोचीने आणि पायांनी अंडी पुन:पुन्हा फिरवते. दिवसातून थोडा वेळ उठून जाते, तेव्हा अंड्यांना ताजी हवा लागते. ऊब, ओल, फिरवणे आणि हवा, ही चार कामे पेटीत साधली पाहिजेत.

प्रथम पेटी. थर्मोकोलचे जाड खोके उत्तम. ते नसेल तर पुठ्ठ्याचे दोन खोके घ्यावेत, एकात एक बसणारे, आणि मधल्या चार-पाच सेंटिमीटरच्या फटीत भाताचे तूस दाबून भरावे. झाकणात काचेचा तुकडा बसवावा, म्हणजे न उघडता आत पाहता येते. तळाशी बोटाएवढी चार भोके आणि वरच्या बाजूला चार भोके ठेवावीत. ही भोके बुजवण्याचा मोह होतो, कारण त्यांतून ऊब जाते. पण अंड्यातला जीव कवचातल्या बारीक छिद्रांतून श्वास घेतो. हवा कोंडली तर तो गुदमरतो.

उबेसाठी विजेचा दिवा. येथे एक गोष्ट सांभाळा. हल्ली घरोघर असणारे एलईडी दिवे उजेड देतात, ऊब फारशी देत नाहीत. आपल्याला जुन्या पद्धतीचा, आत तार तापून पिवळा उजेड देणारा दिवा हवा. लहान पेटीला 25 ते 40 वॉटचा पुरतो. शक्य तर कमी वॉटचे दोन लावा. एक गेला तर दुसरा निदान सांभाळून घेतो. दिव्याभोवती तारेच्या जाळीचा पिंजरा करा, आणि दिवा पुठ्ठ्यापासून व थर्मोकोलपासून चांगला लांब ठेवा. दोन्ही पदार्थ पेट घेतात. दिव्याची वायर आणि पाण्याचे भांडे एकमेकांपासून दूर ठेवा, आणि जोडणी जाणत्या वायरमनकडून करून घ्या. पिलांच्या नादात माणसाला धोका नको.

दिवा सतत चालू राहिला तर पेटी तापत जाते. म्हणून तापमान-नियंत्रक लावावा; दुकानात त्याला थर्मोस्टॅट म्हणतात. ठरलेली ऊब झाली की तो दिवा विझवतो, कमी झाली की पेटवतो. जोडीला लहानसा पंखा असला तर ऊब सगळीकडे सारखी पसरते.

किती ऊब हवी? पंखा असलेल्या पेटीत साडेसदतीस ते पावणेअडतीस अंश सेल्सिअस, म्हणजे ताप पाहायच्या थर्मामीटरवर 100 अंश फॅरनहाइटच्या आतबाहेर. पंखा नसेल तर गरम हवा वर चढते आणि थर पडतात. म्हणून त्या पेटीत अंड्यांच्या वरच्या पातळीला साडेअडतीस अंशांच्या आसपास ठेवतात. उष्णतामापकही त्याच पातळीला हवा, झाकणाला टांगलेला नको. येथे एका अंशाचा फरकही मोठा आहे, म्हणून आधी उष्णतामापकाचीच परीक्षा घ्या. कोमट पाण्यात तो आणि ताप पाहायचा डॉक्टरी थर्मामीटर शेजारी शेजारी धरा. दोघांचे आकडे जमले तर ठीक. न जमले तर फरक लिहून ठेवा आणि तेवढा धरून चाला.

अंडी ठेवण्याआधी पेटी रिकामी चालवून पाहावी, निदान दोन दिवस. पहाटे काय आकडा येतो, भर दुपारी काय येतो, ते लिहावे. नियंत्रक पेटी तापवू शकतो, गार करू शकत नाही. विदर्भात-मराठवाड्यात उन्हाळ्यात बाहेरची हवाच चाळीस अंशांच्या वर जाते. अशा दिवसांत दिवा विझलेला असूनही अंडी तापतात. म्हणून तिकडच्या मंडळींनी दिवाळीपासून शिमग्यापर्यंतचा काळ धरावा. पेटी घरातल्या आतल्या खोलीत ठेवावी, जिथे ऊन, वारा आणि ये-जा कमी.

आता अंडी. किराणा दुकानातली अंडी चालणार नाहीत. मोठ्या पोल्ट्रीत अंड्यांच्या कोंबड्यांबरोबर कोंबडा ठेवत नाहीत. त्या अंड्यांत जीव धरत नाही. ज्या कळपात आठ-दहा कोंबड्यांमागे एक निरोगी कोंबडा आहे, तिथली अंडी घ्या. ती सात दिवसांपेक्षा जुनी नसावीत, थंड जागी निमुळते टोक खाली करून ठेवलेली असावीत. फ्रिजमधली नकोत. तडा गेलेली, वेडीवाकडी, अति मोठी आणि अति लहान बाजूला काढा. मळलेले अंडे धुऊ नये. कवचावरचे नैसर्गिक आवरण निघून जाते आणि रोगजंतू आत शिरतात. स्वच्छ तेवढीच निवडावीत. सगळी अंडी एकाच दिवशी ठेवावीत, म्हणजे सगळ्यांचा हिशेब एक.

आणि ही अंडी कोणाची, याचाही विचार करा. कित्येक घरांत अंडी विकून आठवडी बाजारात तेल-मीठ येते. ती अंडी घरातल्या बाईच्या हातची असतात. पेटी आपण हौसेने केली आणि नुकसान तिचे झाले, असे होऊ नये. म्हणून पहिल्या खेपेला दहा-बाराच ठेवा, आणि तिला विचारून ठेवा. पेटीचा स्वभाव कळला म्हणजे पुढच्या वेळी जास्त ठेवता येतील.

प्रत्येक अंड्यावर शिसपेन्सिलीने एका बाजूला फुली आणि दुसऱ्या बाजूला गोल काढा. अंडी आडवी मांडा. दिवसातून तीन किंवा पाच वेळा फिरवायची, फुली खाली तर गोल वर. विषम वेळा का? रात्रीचा पल्ला लांब असतो. विषम वेळा फिरवले म्हणजे एका रात्री वर असलेली बाजू दुसऱ्या रात्री खाली जाते. फिरवायचे कशासाठी? बलकावर वाढणारा गर्भ हलका असल्याने वर तरंगतो. अंडे एकाच बाजूला पडून राहिले तर तो आतल्या पडद्याला चिकटतो आणि वाढ खुंटते. फिरवण्यापूर्वी हात धुवा, आणि अंडी हलक्या हाताने धरा.

ओलीसाठी जाळीखाली पसरट ताटलीत पाणी ठेवा. ओल पाण्याच्या खोलीवर नसते, पसाऱ्यावर असते. खोल वाटीपेक्षा पसरट ताटली बरी. पहिले अठरा दिवस हवेतली ओल शेकडा 50 ते 55 च्या घरात असावी. ओल मोजण्याचे लहान यंत्र मिळते, पण तेही तपासून घ्यावे. एका झाकणात मीठ घेऊन ते ओल्या वाळूसारखे भिजवा, आणि यंत्रासह एका पिशवीत हवाबंद करून रातभर ठेवा. यंत्राने शेकडा 75 दाखवले पाहिजे. शाळेत मुलांकडून करून घेण्याजोगा प्रयोग आहे. कोकणात पावसाळ्यात पाणी कमी लागेल, देशावर कोरड्या हवेत जास्त.

याहून खात्रीची परीक्षा तराजू करतो. उबवताना अंड्यातले पाणी हळूहळू उडते आणि अठराव्या दिवसापर्यंत वजन शेकडा बाराच्या सुमाराने घटते. दहा अंड्यांचे वजन 500 ग्रॅम भरले, तर अठराव्या दिवशी ते 440 ग्रॅमच्या जवळ यावे. म्हणजे आठवड्याला सुमारे 23 ग्रॅम. घट कमी असेल तर पाणी कमी करा, जास्त असेल तर वाढवा.

वीज गेली तर? घाबरू नये. कोंबडीही दाणे टिपायला उठतेच की! तासाभराच्या गारव्याने गर्भ मरत नाही. पेटी उघडू नका, वर गोधडी टाका. मात्र हवेची भोके सगळी बुजवू नका. वेळ लांबलाच तर बाटल्यांत गरम पाणी भरून, फडक्यात गुंडाळून आत ठेवा. लक्षात ठेवायचे ते उलटेच आहे. गारव्याने वाढ मंदावते, पण उष्णतेने जीव जातो. पेटी चाळीस-एकेचाळीस अंशांच्या वर गेली तर थोड्या वेळात सगळा घाणा वाया जातो. म्हणून झोपण्यापूर्वी आणि उठल्याबरोबर आकडा पाहावाच.

सातव्या दिवशी अंडी उजेडात पाहावीत. खोली अंधारी करा, डब्याला अंड्याच्या बोथट टोकाहून लहान भोक पाडून आत विजेरी ठेवा, आणि अंडे भोकावर धरा. जिवंत अंड्यात लाल शिरांचे जाळे दिसते, कोळ्याने पाय पसरावेत तसे, आणि मध्ये हलणारा काळा ठिपका. कोरे अंडे नुसते उजळते. काहींत शिरा नसतात, फक्त रक्ताचे कडे दिसते. तो गर्भ सुरुवातीलाच मेलेला असतो. कोरी आणि मेलेली काढून टाका. आत राहिली तर सडून फुटतात आणि बाकीच्यांचा घात करतात. शंका वाटली तर अंडे राहू द्या, चौदाव्या दिवशी पुन्हा पाहा. तोवर जिवंत अंडे बरेचसे काळोखे झालेले असते आणि बोथट टोकाला हवेची पोकळी स्वच्छ दिसते.

गुरुजींनी आणि बाईंनी या वेळी मुलांना थोडे थांबवून एक सांगावे. अंडे पेटीत ठेवल्यापासून दुसऱ्या दिवसाच्या अखेरीसच आतले हृदय ठोके देऊ लागते. म्हणजे सातव्या दिवशी आपण पाहतो तो जीव पाच दिवस धडधडत आहे. पेटी हे खेळणे नव्हे, हे मुलांना त्या लाल जाळ्यावरून जसे कळेल तसे कोणत्याही धड्यावरून कळणार नाही.

अठराव्या दिवशी फिरवणे बंद. जाळीवर खरखरीत फडके अंथरा, म्हणजे पिलांचे पाय घसरणार नाहीत. पाण्याची आणखी एक ताटली ठेवून ओल शेकडा 65 ते 70 वर न्या. आणि मग झाकण लावून टाका. आता पेटी उघडायची नाही. पिलू आधी आतला पडदा भेदून हवेच्या पोकळीत चोच घालते आणि पहिला श्वास घेते. कान दिला तर आतून आवाज येतो. मग चोचीवरच्या लहानशा टोकदार उंचवट्याने ते कवचाला टवका पाडते, आणि थांबते. बारा-बारा तास थांबते, कधी त्याहूनही अधिक.

इथेच माणसाचा धीर सुटतो. बिचारे अडकले आहे, आपण कवच सोलू या, असे वाटते. सोलू नका! त्या थांबण्याला कारण आहे. पडद्यातल्या शिरांमधले रक्त अजून पिलाच्या अंगात परत यायचे असते, आणि उरलेला बलक पोटात ओढला जायचा असतो. कवच सोलले तर त्या शिरा तुटतात आणि पिलू रक्तस्रावाने मरते. झाकण उघडले तर ओल उडते, पडदा वाळतो आणि बाकीच्या पिलांना आवळून धरतो. कोंबडीही या वेळी बसून राहते. तिच्यासारखे बसून राहणे, एवढेच आपले काम.

बाहेर आलेले पिलू सुकून मऊ कापसासारखे होईपर्यंत आतच राहू द्यावे. उपाशी मरेल ही भीती नको. पोटातल्या बलकावर त्याचे दोन दिवस निभतात. मग ते उबदार खोक्यात हलवा. पहिल्या आठवड्यात 35 अंशांच्या आसपास ऊब, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी. पिले दिव्याखाली गर्दी करतात तेव्हा त्यांना थंडी वाजते. दूर पळतात तेव्हा उकडते. आधी पाणी दाखवावे, मग बारीक खाद्य. आणि मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची लस पहिल्याच आठवड्यात द्यायची असते. त्यासाठी पिले निघण्यापूर्वीच जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून ठेवा.

एकविसाव्या दिवसानंतर दोन दिवस वाट पाहून हिशेब मांडावा. कोरी अंडी पुष्कळ निघाली, तर दोष कोंबड्याचा किंवा शिळ्या अंड्यांचा, पेटीचा नव्हे. रक्ताची कडी पुष्कळ, तर सुरुवातीला ऊब बिघडली किंवा अंडी आधी नीट ठेवली नव्हती. पिले एक-दोन दिवस आधीच निघाली, तर पेटी गरम होती. बावीस-तेवीस दिवस लागले, तर थंड होती. पुरी वाढ होऊन कवचातच मेली, तर ओल, हवा आणि फिरवणे तपासा. रोज वही लिहिली असेल तर उत्तर वहीत सापडते. वही नसेल तर उरते ते नशिबाला बोल लावणे.

शाळांसाठी दोन सूचना. अंडी गुरुवारी संध्याकाळी ठेवावीत. ठेवल्याचा दिवस मोजायचा नाही. तेव्हा अठरावा दिवस सोमवारी येतो आणि एकविसावा गुरुवारी, म्हणजे पिले शाळा भरलेली असताना निघतात. मधल्या रविवारी कोण येणार, रात्री कोण पाहणार, याची पाळी आधीच लावा. अंड्यांना व पिलांना हात लावल्यावर साबणाने हात धुण्याचा नियम घाला. आणि सर्वांत मोठी सूचना: पिले कोणाच्या घरी जाणार ते पेटी सुरू करण्यापूर्वी ठरवा. त्यांतली साधारण निम्मी कोंबडे निघतील, हेही त्या घरी सांगून ठेवा. ज्या पिलाला घर नाही, त्याचे अंडे पेटीत ठेवूच नये.

मंडळी, खोके आणि दिवा बाजारात मिळतो. पहाटे उठून आकडा पाहणारा माणूस मात्र घरातूनच निघावा लागतो. आपल्या घरी तो कोण आहे ते आधी पाहा, त्याच्या हाती वही-पेन्सिल द्या, आणि मग खुशाल अंडी मांडा.